दहा दिवसांची चार पिल्लं

प्रश्न : ताई, लालबागला आमच्या चाळीत जिन्याखाली कुत्री व्याली होती. परवा रात्री ती गाडीखाली गेली. चार पिल्लं दहा दिवसांची आहेत, डोळे अजून मिटलेले. पिशवीच्या दुधात पाणी घालून चमच्याने पाजतोय. दोघांना जुलाब लागलेत. सगळ्यात लहान काळं पिल्लू कालपासून ओरडतही नाही, दूध तोंडाला लावलं की मान फिरवतं. दूध बदलू का? बोरिवलीचे एक गृहस्थ एक पिल्लू लगेच न्यायला तयार आहेत. देऊ का?

उत्तर : दुधाचं नंतर बोलू. आधी काळ्याच्या तोंडात करंगळी घाला. आतून गार लागलं तर दुधाचा थेंबही पाजू नका.

इतक्या लहान पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, ती ऊब आईच्या पोटाची. अंग गार पडलं की आतडी थंडावतात आणि पाजलेलं दूध तसंच पोटात राहून नासतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गिरगावात एका जुलैत मी असंच एक गारठलेलं पिल्लू उपाशी आहे म्हणून पाजलं, पहाटे ते गेलं. अजून पाऊस लागला की ते आठवतं.

बाटलीत गरम पाणी भरा, जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, उकडलं तर पिल्लांना सरकता आलं पाहिजे. पंखा बंद. काळ्याला छातीशी धरून सावकाश ऊब द्या, तासभर लागला तरी चालेल. गरम पाण्यात बुडवू नका. ऊब आल्यावरही ते चोखत नसेल तर उद्यावर ढकलू नका, आजच परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या. जुलाबवाल्या दोघांनाही बरोबर घ्या, एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी भराभर कमी होतं.

आता दूध. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट असतं, प्रथिनं आणि स्निग्धांश दुपटीच्या आसपास. त्यात तुम्ही पाणी घातलंत. पिल्लांसाठीची दुधाची पावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, ती डब्यावरच्या प्रमाणानेच कोमट पाण्यात कालवा. चमचा नको, छोटी बाटली घ्या. आपल्या बाळासारखं उताणं कधीच पाजू नका. पोटावर ठेवून, मान किंचित वर. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, ते फुप्फुसात उतरतं. दर तीन तासांनी पाजा, रात्रीही. चाळीत जागणारी दोन तरुण मुलं असतील तर पाळ्या लावा.

प्रत्येक वेळी पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. आई चाटते म्हणून त्यांना शी-शू होते, साधारण तीन आठवड्यांपर्यंत स्वतःहून होत नाही. आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. वजन एक दिवसही उतरलं तर डॉक्टरांना कळवा. जंताचं औषध चौदाव्या दिवसापासून, वजनाच्या हिशेबाने डॉक्टरच देतील. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान.

बोरिवलीच्या गृहस्थांना आत्ता देऊ नका. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, हे पिल्लं एकमेकांशी खेळतानाच शिकतात. आठ आठवडे चौघं एकत्र राहू द्यात. म्हणजे अजून साडेसहा आठवडे. त्यांना खरंच पिल्लू हवं असेल तर रविवारी येऊन दुपारची एक पाळी घेतील.