मेनूवर ‘सातपाटीचा पापलेट’ छापण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि डोकं पुन्हा तापलं. नाशिकच्या गंगापूर रोडला मासेथाळी सुरू केलीत, मेनूत ‘सातपाटीचा पापलेट’ (सातपाटी म्हणजे पालघरकडचं मासेमारीचं बंदर) छापलंत, आणि तपासणीचे साहेब म्हणतात पुरावा दाखवा. आमच्या खानावळीत हेच झालंय.

लायसन्स, बर्फ, फ्रीजर वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो.

सगळ्यात महाग पडलं एक कार्यालय. नाव घेत नाही, पुन्हा तिथेच जायचंय. त्यांना हवा होता माशाच्या ‘उगमाचा दाखला’. देतं कोण? ‘ते तुम्ही बघा.’ कुठल्या नियमात आहे? ‘वरून आलंय.’ लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला! मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कसारा घाट चढून येणाऱ्या प्रत्येक सुरमईचा जन्मदाखला काढायचा का आता? तोवर लायसन्सचं नूतनीकरण लटकलं. शेवटी माहितीच्या अधिकारात विचारलं, हा दाखला कुठल्या नियमाखाली मागता? उत्तर आलं, ‘माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’. त्यानंतर कुणी दाखल्याचं नाव काढलं नाही. म्हणून तोंडी काही बोलू नका, अर्ज द्या आणि आवकचा शिक्का घ्या.

मी वकील नाही, खात्री करून घ्या. पण ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२६ पासून हॉटेलांनाही मेनूवर मासा तिथला, आयात की मिश्र हे सांगणं बंधनकारक आहे, तशी सक्ती माझ्या माहितीत आपल्याकडे नाही. मात्र स्वतःहून गाव लिहिलंत तर ते खरंच हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे.

व्यापाऱ्याकडून पक्कं बिलच घ्या. त्यावर व्यापाऱ्याचा १४ अंकी अन्नसुरक्षा (FSSAI) लायसन्स नंबर १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. ‘मिक्स मच्छी’ असं मोघम बिल परत करा, जात आणि बंदर लिहून मागा. कुरकुर करतात, पण देतात.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारीबंदी, यांत्रिक बोटी बंद. तेव्हा ‘आजचा ताजा सातपाटी’ कोण खरं मानेल? जूनच्या मध्यानंतर पूर्व किनाऱ्यावरची बंदी उठते, तिकडचा नाहीतर फ्रोझन माल येतो. माझं मत विचाराल तर छापील मेनूत नुसतं ‘पापलेट’, गाव रोज फळ्यावर खडूने.

बासा (फ्रोझन मिळणारा तळ्यातला मासा) ठेवत असाल तर खोक्यावरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा. सगळा काही व्हिएतनामचा नसतो, आंध्रच्या तळ्यातला पंगास, म्हणजे त्याच जातकुळीचा मासाही त्याच नावाने विकतात. आणि फ्रोझन माशाचं वजन वरचा बर्फाचा थर उतरवून करा, पाण्याचे पैसे फार जातात.