पेपरात आठवत नाही म्हणजे विसरलास असं नाही

सांगलीत विश्रामबागच्या अभ्यासिकेत तुझी घालमेल रोज बघतोय, म्हणून सांगतो. २०१९ च्या पुरात पाणी कुठवर चढलं ते तुला अजून लख्ख आठवतं. भीतीतली आठवण मेंदू घट्ट धरतो. राज्यघटनेच्या पाठ केलेल्या कलमांचं तसं नाही. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलं की साठवलेलं बाहेर काढणं जड जातं. ते पुसलं गेलेलं नसतं रे!

म्हणून नुसतं वाचत बसू नकोस. पुस्तक मिट, घड्याळ लाव, कोऱ्या कागदावर कलम १२ ते ३५ आठवून लिही. अडलास तरी लगेच पान उघडायचं नाही. असं आठवून पक्कं केलेलं ताणातही जास्त टिकतं, हे २०१६ मध्ये प्रयोगात दिसलंय. थोडी धाकधूक असू दे, तिनं लक्ष लागतं. जागरण मात्र आजपासून बंद.