चैत्र आला, माईक तपासा

पाडवा पहाट, रामनवमी, चैत्रगौर आणि त्यापाठोपाठ व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात अजून चालू आहे आणि तिच्या वळणावर गल्लोगल्ली छोट्या मालाही भरतात. आता त्यातला प्रत्येक कार्यक्रम ‘ऑनलाइनही’ हवा असतो. या सदरात आलेले बहुतेक प्रश्न त्या ‘ही’ने उभे केले आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या मैदानावर पाडवा पहाट करायची आहे. गायक म्हणतात, साडेपाचला सुरू करू. समितीतले दोघे पोलीस परवानगीची भीती घालतात. खरं कोणाचं? (सचिव, गृहरचना संस्था, कोथरूड)

त्या दोघांचं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंद सभागृहाला ही आडकाठी नाही. सरकार वर्षातून मोजके दिवस सूट देतं हे खरं, पण ती रात्री १० ते १२ची असते. पहाटेच्या कार्यक्रमाला तिचा काही उपयोग नाही. सहानंतरही पोलिसांची लेखी परवानगी लागतेच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे, तेव्हा मैदानाच्या चारी कोपऱ्यांत भोंगे टांगू नका. श्रोत्यांच्या जवळ, कमी आवाजाचे दोन स्पीकर पुरतात.

साउंड चेकही याच नियमात बसतो. तो आदल्या संध्याकाळी उरका आणि मिक्सरच्या सगळ्या बटणांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सकाळी कोणीतरी हमखास हात लावलेला असतो.

सव्वासहाला सुरू केलंत तरी गायकाची हौस भागते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. तोवर ललित किंवा भटियार आटोपशीर गाता येतो, मग तोडी किंवा जौनपुरी. बसंत आणि बहार हे ऋतूचे राग आहेत, वसंतात ते वेळेचं बंधन न पाळता गातात. आठला मात्र संपवाच. घरोघरी गुढी उभारायची असते आणि साडेसातपासून मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. मुख्य कलाकाराला शेवटी ठेवलंत तर तो निम्म्या मैदानापुढे गाईल.

मंच मैदानाच्या उत्तर किंवा दक्षिण टोकाला बांधा. पूर्वेला बांधला तर उगवतं ऊन श्रोत्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यांत जातं, पश्चिमेला बांधला तर गायकाच्या. मंचाच्या पूर्व बाजूला कनात हवीच, कारण ऊन सरळ तबल्यावर पडलं की पुडी ताणते आणि स्वर चढतो. पहाटेच्या ओलाव्यात तोच उतरलेला असतो. वाद्यं अर्धा तास आधी मंचावर झाकून ठेवा आणि पहिल्या रागानंतर तबलजीला पुन्हा लावून घ्यायला पाच मिनिटं द्या. निवेदकाचं लांबलेलं निवेदन तिथे खपवावं, इतरत्र नाही.

प्रश्न : ज्येष्ठ नागरिक संघाची सात दिवसांची व्याख्यानमाला मोबाईल स्टँडवर लावून यूट्यूबवर थेट दाखवतो. घरून बघणारे म्हणतात, वक्ता विहिरीतून बोलतो. मोबाईल नवा घ्यावा का? (कार्यवाह, सहकारनगर)

मोबाईल नवा घेऊन काडीचाही फरक पडणार नाही. दहा-बारा मीटरवर ठेवलेला फोन वक्त्याचा आवाज थोडाच पकडतो. भिंतींवर आपटून परत येणारा आवाजच त्याच्यात जास्त शिरतो. सभागृहात आपला कान हे आपोआप वेगळं काढतो, माईकला ते जमत नाही.

आवाज थेट मिक्सरमधून घ्या. ध्वनियोजकाला आदल्या दिवशी सांगा की प्रक्षेपणासाठी एक ऑक्स आउटपुट (मिक्सरमधून वेगळा काढलेला आवाज) हवा, प्री-फेडर, म्हणजे सभागृहाचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाच्या आधी घेतलेला. पोस्ट-फेडर घेतलात तर शिट्टी वाजायला लागल्यावर त्याने सभागृहाचा आवाज खाली ओढला की तुमच्या घरच्या श्रोत्यांचाही खाली जातो. प्री-फेडरचा एक तोटाही आहे. काही मिक्सरवर चॅनल म्यूट केला तरी ऑक्सला आवाज जात राहतो आणि निवेदकाचं ‘चहा आला का रे’ साऱ्या जगाला ऐकू जातं. आधी म्यूट दाबून हेडफोनवर ऐकून बघा.

मिक्सरची वायर सरळ फोनच्या जॅकमध्ये खुपसू नका. फोन तिथे माईकच्या ताकदीचा सिग्नल अपेक्षितो आणि मिक्सर त्याच्या कित्येक पट जोरकस लाइन सिग्नल देतो, म्हणून आवाज फाटतो. मधे छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज लॅपटॉपला देणारी डबी) ठेवा, त्याच्या लाइन इनपुटला वायर द्या आणि लॅपटॉपवर ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर चालवा. वक्ता रंगात आला की ओबीएसमधला आवाजाचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे खेळला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. घुंऽऽ असा गुणगुणाट येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत का ते पाहा. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. तरी राहिला तर वायरीत आयसोलेटर (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा जोड) लावा. चार्जर काढून बघणं ही सगळ्यात स्वस्त परीक्षा.

इतकं केल्यावर एक नवीच तक्रार येते : सभागृह ओस वाटतं. मिक्सरमध्ये फक्त वक्त्याचा माईक असतो, त्यामुळे हशा आणि टाळ्या घरी पोचत नाहीत. श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माईक लावा, तो फक्त ऑक्सला द्या आणि वक्त्यापेक्षा बराच खाली ठेवा.

आता नेट. ७२०पी (मध्यम स्पष्टतेच्या) चित्राला साधारण ४ एमबीपीएस अपलोड लागतो, म्हणजे तासाला १.८ जीबी. हातात दुप्पट, ८ एमबीपीएस तरी असावा. व्याख्यानाला १०८०पीचा हट्ट कशाला? वक्ता दोन तास एकाच जागी उभा असतो. नेटचा वेग दुपारी रिकाम्या सभागृहात मोजून समाधान मानू नका. संध्याकाळी दोनशे फोन त्याच टॉवरवर येतात आणि वेग कोसळतो. सभागृहाची वायर असलेली जोडणी मिळवा, राउटर यूपीएसवर टाका आणि दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा. ओबीएसमध्ये कीफ्रेम (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते अंतर) २ सेकंदांवर ठेवा आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालूच राहू द्या. नेट गेलं तरी व्याख्यान हातचं जाणार नाही.

नवं चॅनल असेल तर थेट प्रक्षेपणाची सोय चालू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागतो. फोनवरून करायचं तर किमान ५० सबस्क्रायबर लागतात. हे उद्घाटनाच्या संध्याकाळी कळणारी मंडळं दरवर्षी निघतात.

आणि प्रक्षेपणाला स्वतंत्र माणूस बसवा, कानाला हेडफोन लावलेला. ज्याच्याकडे हार, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची गाडी आहे, त्याच्याकडेच लॅपटॉप दिलात तर वरचं सगळं वाया.

प्रश्न : यूट्यूबच्या चॅटमधले प्रश्न वक्त्याला कधी विचारावेत? (एक वाचक, चिंचवड)

शेवटी, सभागृहातले दोन प्रश्न झाल्यावर. चित्र घरी पंधरा ते तीस सेकंद उशिरा पोचतं, त्यामुळे ‘आता ऑनलाइन कोणी विचारा’ म्हणून वाट पाहिलीत तर नुसती शांतता पसरते. व्याख्यान चालू असतानाच एकाने प्रश्न कागदावर उतरवून घ्यावेत.

प्रश्न : वासंतिक बैठक झूमवर घेतली. गाताना तानपुरा मधूनच नाहीसा व्हायचा, आलापाचा शेवटही कापला जायचा. नेट चांगलं होतं. (संगीत शिक्षिका, डोंबिवली)

नेटचा दोष नाही. झूम हे बोलण्यासाठी घडवलं आहे. न थांबता एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, अशी त्याची समजूत, आणि तानपुरा नेमका तसाच वाजतो. म्हणून तो गाळला जातो. मंद होत जाणारा स्वरही त्याला गोंगाटच वाटतो.

ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, त्यातलं हाय फिडेलिटीही निवडा आणि बैठक सुरू झाल्यावर पडद्यावरचं त्याचं बटण पुन्हा दाबलं आहे का पाहा. इको कॅन्सलेशन बंद ठेवायचं तर हेडफोन लागतो, नाहीतर आवाज फिरून येतो. तानपुरा ॲप त्याच फोनवर वाजवू नका. वेगळ्या फोनवर, माईकपासून हातभर दूर ठेवा. फुकटच्या खात्याची बैठक ४० मिनिटांत तुटते, म्हणजे ऐन द्रुत बंदिशीत. विद्यार्थिनींनी आपापल्या घरून एकत्र गाण्याचा विचार मात्र सोडून द्या. प्रत्येकीचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो आणि सम कधीच जुळत नाही. एकेकीने गावं, बाकीच्यांनी म्यूटवर साथ करावी.

प्रश्न : आमचं महिला मंडळ रामनवमीला गीतरामायण सादर करतं. तिकीट नाही, मानधन नाही. व्हिडिओ चढवल्यावर हक्काचा दावा आला. फुकट कार्यक्रमाला कसला हक्क? (अध्यक्षा, सदाशिव पेठ)

सभागृहात गाणं आणि नेटवर चढवणं या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती व्हिडिओला लागू होत नाही. तिकीट लावलंत तर सभागृहातही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना घ्यावा लागेल.

हक्क कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, पण ती तारीख इथे कामाची नाही. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, चालींवर २०६२ अखेरपर्यंत.

दावा आला म्हणून घाबरू नका. दावा वेगळा आणि स्ट्राइक (चॅनलवर होणारी कारवाई) वेगळा. दाव्यात बहुधा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. तुम्हाला पैसे नकोच असतील तर तिथेच विषय संपतो. थेट प्रक्षेपणात मात्र गाणं ओळखलं गेलं तर प्रक्षेपण मधेच थांबू शकतं. कराओके ट्रॅक हा सगळ्यात मोठा धोका, कारण ते कोणाचं तरी तयार ध्वनिमुद्रण असतं आणि यूट्यूबची यंत्रणा ते सहज ओळखू शकते. पेटी-तबल्यावर गा, ऐकायलाही बरं वाटतं.

निर्धोक हवं असेल तर बालकवी किंवा भा. रा. तांबे घ्या. दोघांचे शब्द मुक्त झाले आहेत. चाल स्वतः बांधा, कारण प्रसिद्ध चालीला तिचा धनी असतो. संतांच्या अभंगांनाही हेच लागू.

प्रश्न : न्यू जर्सी आणि लंडनमधली नातेवाईक मंडळी एकत्र जोडायची आहेत. कुठली वेळ? (एक वाचक, औंध)

सायंकाळची व्याख्यानं. पुण्यात साडेसहा म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे ९ आणि लंडनमध्ये दुपारचे २. हे एप्रिल-मेचं. मार्चमध्ये गफलत होते. अमेरिकेची घड्याळं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी. २०२६ चा पाडवा १९ मार्चचा, म्हणजे नेमका या फटीतला : तेव्हा लंडनमध्ये १ वाजलेला असतो. निमंत्रणावर तिन्ही ठिकाणांची वेळ आणि तारीख छापा. पाडवा पहाट साडेसहाची असेल तर न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे ९ वाजतात आणि लंडन गाढ झोपेत असतं. रामजन्म दुपारी बाराचा, तेव्हा न्यू जर्सीत रात्रीचे अडीच. अशा वेळी थेट दाखवण्याचा अट्टहास नको, रेकॉर्डिंगचा दुवा पाठवा.

प्रश्न : चैत्रगौरीचं हळदीकुंकू सभागृहात शंभर जणींचं, शिवाय चैत्रांगणाची ऑनलाइन स्पर्धा. प्रमाण आणि नियम सांगा. (भिशी मंडळ, नारायण पेठ)

आंबेडाळ जणी ४० ग्रॅम धरली तर ४ किलो. हरभराडाळ पावणेदोन ते दोन किलो, चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली. कैरीचा कीस ८०० ग्रॅम, तीन नारळ, मिरच्या चवीने. एप्रिलच्या उकाड्यात ती आंबते. म्हणून डाळ वाटून फ्रिजमध्ये ठेवा आणि कीस, मीठ, साखर वाढण्याच्या फक्त तासभर आधी घाला. मीठ त्याहून आधी पडलं तर पाणी सुटतं. फोडणी पूर्ण गार करून ओता. पन्ह्यासाठी साडेतीन किलो कैऱ्या उकडा, सुमारे दोन किलो गर निघतो, त्याला दीडपट गूळ, वेलदोडा, मीठ आणि दहा-अकरा लिटर पाणी. छोटे पेले शंभर होतात.

स्पर्धेसाठी फोटो फोन जमिनीला समांतर धरून, वरून काढायला सांगा. तिरका फोटो आला की पाळण्यातली गौर चेपलेली आणि खालची गोपद्मं फुगलेली दिसतात. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला लावा, साधा फोटो दाबला जाऊन रांगोळीची बारीक रेघ पुसट होते. छाप्याने काढलेली आणि हाताने काढलेली यांचे गट वेगळे ठेवा, आणि हाताच्या गटात काढतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ सक्तीचा करा. नाहीतर निकालानंतर जे भांडण होतं ते पुढच्या चैत्रापर्यंत चालतं.