शंका-समाधान : 'सुक्रोज' की 'सॅकरोज'?

प्रश्न : मुलीच्या पाठ्यपुस्तकात उसाच्या साखरेला 'सुक्रोज' म्हटले आहे, तर घरातल्या रसायनशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात 'सॅकरोज' असे नाव आढळले. हे पदार्थ वेगळे आहेत का, आणि ही नावे कोठून आली? – एक वाचक, सांगली

उत्तर : पदार्थ एकच आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा एकेक रेणू जोडला जाऊन ही साखर बनते आणि ती उसात असते तशीच बिटातही असते. बिटातील साखर उसाच्या साखरेहून वेगळी नाही, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ मारग्राफ यांनी 1747 साली दाखवून दिले होते.

नावांची कथा मात्र आपल्या घरातून सुरू होते. संस्कृत 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ वाळू, खडे, खापरीचे बारीक तुकडे असा आहे. आयुर्वेदात मूतखड्याच्या कणांनाही हाच शब्द वापरलेला दिसतो. खडीसाखरेचा खडा फोडून त्याच्या धारदार कडा बोटाला लावून पाहिल्या, की हे नाव चवीवरून नव्हे तर स्पर्शावरून पडले असावे, हे मनोमन पटते. प्राकृतातील 'सक्करा'मधून आपली 'साखर' आली आणि तोच शब्द ग्रीकांकडे 'साक्खारोन' होऊन गेला. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने भारतातील बोरूंमध्ये सापडणारा, मिठासारखा दातांखाली फुटणारा घट्ट मध असे तिचे वर्णन केले आहे. लॅटिनमध्ये 'साक्खारुम' झालेला हा शब्द उसाच्या शास्त्रीय नावात आजही आहे आणि 'सॅकरोज' त्यावरूनच बनला.

दुसरी वाट फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर' आणि फ्रेंच 'सुक्र' अशी गेली. या फ्रेंच शब्दाला 'ओज' हा प्रत्यय लावून इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1857 साली 'सुक्रोज' हे नाव घडवले. प्रत्यय घेतला तो 'ग्लुकोज'मधून. ते नाव 1838 साली फ्रान्समध्ये गोड द्राक्षरसाच्या ग्रीक नावावरून ठेवले गेले होते. पुढे माल्टोज, लॅक्टोज अशी सारी नावे याच धर्तीवर पडत गेली.

म्हणजे साखर, सॅकरोज आणि सुक्रोज ही एकाच 'शर्करे'ची तीन लेकरे होत. फ्रेंच आणि जर्मन पुस्तकांत 'सॅकरोज' अजूनही चालते, इंग्रजीत 'सुक्रोज' रूढ आहे. मराठीत 'इक्षुशर्करा' असा नेमका शब्दही आहे. परीक्षेत मात्र आपल्या मुलीने पाठ्यपुस्तकातील 'सुक्रोज' हेच नाव लिहावे.