प्रेस्बिटर म्हणजे पुढचा बैल

प्रश्न : मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी मुंबईच्या फोर्टातल्या सेंट अँड्र्यूज चर्चचा इतिहास लिहितो आहे. इंग्रजीत त्याला ‘प्रेस्बिटेरियन पॅरिश चर्च’ म्हटलेलं दिसलं. एका मराठी लेखात मात्र ‘धर्मगुरूंच्या सत्तेखालील गिरजाघर’ असं सापडलं. हे बरोबर आहे का? आणि पॅरिशला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर : नाही, बरोबर नाही. तीन शब्दांत दोन चुका आहेत आणि त्यातली एक अर्थ साफ उलटा करणारी आहे.

आधी ‘गिरजाघर’. हिंदी बातम्यांवरून मराठीत उतरवताना हा शब्द इतक्यांदा येतो की आता वाचतानाच चिडायला होतं. तो आला पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून. गोव्यात तीच ‘इगर्ज’. पोर्तुगीजांनी आणलेला पंथ कॅथलिक, आणि सेंट अँड्र्यूज बांधलं प्रॉटेस्टंट स्कॉटिश लोकांनी, तेही १८१९ मध्ये. ते आपल्या चर्चला ‘कर्क’ म्हणतात. मुंबईत इंग्रजी बोलणारे अजूनही त्याला स्कॉट्स कर्क म्हणतात. कर्क आणि चर्च हे एकाच ग्रीक ‘कुरिआकोन’चे, म्हणजे ‘प्रभूचं’ या शब्दाचे दोन उच्चार. मराठीत सरळ ‘चर्च’ लिहावं.

आता खरी चूक. प्रेस्बिटेरियन म्हणजे धर्मगुरूंची सत्ता मुळीच नाही. मूळ ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ हे ‘प्रेस्बुस’ म्हणजे ‘म्हातारा’ याचं तुलनात्मक रूप, अर्थ ‘अधिक वडील’. या पंथात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, एकटा काही ठरवत नाही. मंडळीतली, म्हणजे त्या चर्चच्या लोकांतली, वडीलधारी माणसं निवडून नेमतात, त्यांना एल्डर म्हणतात, आणि पाळक व एल्डर मिळून कारभार बघतात. वर बिशप नाही. मग धर्मगुरूंची सत्ता आली कुठून? इंग्रजी ‘प्रीस्ट’ म्हणजे धर्मगुरू हा ‘प्रेस्बिटर’चाच झिजलेला उच्चार आहे, त्यावरून भाषांतरकर्त्याने उडी मारली असणार. शब्द एक असला तरी व्यवस्था दोन आहेत.

पण ‘प्रेस्बुस’ म्हणजे ‘म्हातारा’ एवढ्यावर थांबलात तर सगळी गंमत हुकली.

क्रीट बेटावरच्या जुन्या शिलालेखांत हाच शब्द ‘प्रेइगुस’ असा येतो. एकीकडे ब, दुसरीकडे ग. हा फरक ओळखीचा आहे, कारण ग्रीकचा ‘बोउस’ आणि आपली ‘गो’ यांच्यातही तोच आहे. शब्दाचे दोन तुकडे करा. पहिला ‘पुढे’ या अर्थाचा, आपल्या संस्कृत ‘पुरस्’चा सोयरा. दुसरा ‘गो’, समासाच्या शेवटी आखडून ‘गु’ झालेला. संस्कृतात हे नेहमी घडतं : ज्याच्या गाई चित्रविचित्र रंगाच्या तो चित्रगु. तेव्हा प्रेस्बुस म्हणजे पुढचा बैल. आणि संस्कृतात हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा उभा आहे : पुरोगव.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, पंच्याऐंशीव्या सूक्तात सूर्याची मुलगी सूर्या हिचं लग्न आहे. ‘सूर्याया अश्विना वराग्निरासीत्पुरोगवः’. अश्विन वर, आणि अग्नी पुरोगव. बहुतेक जण इथे ‘पुढे चालणारा’ असा गुळगुळीत अर्थ देऊन मोकळे होतात. त्यांनी दोनच ऋचा पुढे वाचावं. तिथे सूर्येच्या गाडीला जुंपलेले दोन शुभ्र बैल आहेत, ‘शुक्रावनड्वाहावास्तां’, आणि त्याच्या पुढच्या ऋचेत तर ‘गावौ’ हाच शब्द आहे. वऱ्हाडाची गाडी, तिचे बैल, त्यांच्या पुढे अग्नी. अशा जागी ‘पुरोगव’ शब्दातला बैल कवीला दिसत नव्हता, हे मला पटत नाही.

कोशकारांचा एक मोठा पक्ष म्हणतो की हा ‘गु’ बैलाचा नसून ‘जाणे’ या धातूचा आहे, आणि दाखल्याला वेदातलाच ‘वनर्गु’, म्हणजे रानात फिरणारा, पुढे करतो. दाखला खरा आहे. पण मग ‘पुढे जाणारा’वरून ‘वयाने मोठा’ कसा निघाला, ते त्यांनी दाखवावं. पुढे जाणारा तरुणही असतो, किंबहुना तरुणच असतो. ग्रीकमध्ये प्रेस्बुस आधी वयाने मोठा, मग मानाने मोठा, मग दूत म्हणून पाठवायचा माणूस. बैल धरला की ही साखळी आपोआप जुळते. पुस्तकं बाजूला ठेवून शेतात उभं राहिलं तरी जुळते.

माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं. काळ्या रानात मोठा नांगर धरला की चार बैल लागायचे. नवीन खोंड कधीही पुढच्या जोडीत जुंपला जायचा नाही. पुढे सर्वात जुना बैल. ताकद मागच्यांची जास्त असायची, पण बांध जवळ आला की कासरा ओढायच्या आधीच तो म्हातारा मान वळवायचा, आणि बाकीची तिन्ही जनावरं त्याच्याबरोबर वळायची. तास सरळ निघायचं ते त्याच्यामुळे. आजोबा म्हणायचे, त्याला हाकायचं नसतं, त्याच्यामागनं जायचं असतं. वय, मान आणि पुढची जागा या तिन्ही गोष्टी त्या एका बैलात होत्या.

स्कॉटलंडच्या गावोगावच्या कर्कमध्ये एल्डरचं काम पाहिलं तर हेच चित्र दिसतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी तो आपल्या वाट्याच्या घरांची खबर घ्यायचा. ज्याचं वागणं नीट, त्याला शिशाचा छोटा बिल्ला मिळायचा. मेजाशी बसताना तो बिल्ला परत द्यायचा. बिल्ला नाही तर मेजाशी जागा नाही. आणि १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं तेही कारभार कुणाचा याच मुद्द्यावर : गावचा पाळक जमीनदाराने नेमायचा की त्यात मंडळीचा शब्द चालायचा? चारशेहून अधिक पाळक घरदार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईत डॉ. जॉन विल्सन त्यांच्याबरोबर गेले. हेच विल्सन कॉलेजवाले विल्सन. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती उघडा, सुरुवातीला मराठी भाषेवरचं त्यांचंच टिपण आहे. त्याच फ्री चर्चचे पाळक बाबा पद्मनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा संक्षेप केला. म्हणून या पंथाचं नाव मराठीत चुकीचं लिहिलेलं मला जास्तच खुपतं. आपल्या कोशांना या माणसांचे हात लागले आहेत.

मराठी बायबलात एल्डरला ‘वडील’ म्हटलंय. जुन्या मराठीत ते नेमकं होतं, ‘वडील भाऊ’ आपण अजून म्हणतो. पण आज नुसतं ‘वडील’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बापच आठवतो. माझं मत असं की इथे ‘धुरीण’ हवा. धुर् म्हणजे जू. ते वाहू शकतो तो धुरीण, आधी बैल आणि मग समाजाचा पुढारी. ग्रीकने पुढचा बैल घेतला, आपण जू वाहणारा घेतला, आणि दोघेही एकाच माणसापाशी येऊन पोचलो. ‘धुरीणमंडळाचं चर्च’ म्हणा : अर्थ बरोबर, शब्द घरचा, आणि बैलही जागेवर.

पॅरिशचं राहिलं. वसईचे कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात, आणि हद्द आखलेल्या पॅरिशला तो शब्द छान बसतो. मुंबईच्या कर्कला बसत नाही. १८१३ च्या सनदेनंतर ईस्ट इंडिया कंपनीने स्कॉटिश पाळकांना जागा दिली, १८१५ मध्ये जेम्स क्लो मुंबईत आले, आणि चार वर्षांत हे चर्च उभं राहिलं ते शहरात विखुरलेल्या स्कॉटिश माणसांसाठी. मुळातला ग्रीक ‘पारोइकिया’ मात्र त्यांना चपखल बसतो. परक्या गावात शेजारी होऊन राहणं, हा त्याचा पहिला अर्थ. त्यातला ‘ओइकोस’ आणि आपल्या ‘प्रतिवेशी’तला ‘वेश’ हे भाऊ आहेत.

मुलाच्या वहीत शीर्षक असं असू द्या : ‘सेंट अँड्र्यूज : मुंबईतील स्कॉटिश मंडळीचं चर्च’. ‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती लोकांचा रोजचा शब्द आहे. १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आज हे चर्च त्यात आहे. तेव्हा ‘प्रेस्बिटेरियन’ हा शब्द इतिहासाच्या भागात येऊ द्या, आजच्या पत्त्यात नको. आणि तिथल्या पाळकांना ‘फादर’ लिहिलं असेल तर ते आधी खोडायला सांगा.