‘बाळ मोठं झालं की बघू’ म्हणणाऱ्या संस्थेला राजीनामा द्यावा का?

प्रश्न : मी राज्य मंडळाची मान्यता असलेल्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. एम.एस्सी., बी.एड. आहे. तीन वर्षं झाली. दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश मिळतो आणि तो ३० एप्रिलला संपतो. मेचा पगार देत नाहीत. पगार १६,५०० रुपये, बँकेत जमा होतो. शाळेत शिक्षक-शिपाई धरून तीसेक माणसं आहेत. मला पाच वर्षांची मुलगी आहे, आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. डॉक्टरांनी २० ऑगस्ट तारीख दिली आहे. मुख्याध्यापिकांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “एप्रिलअखेर राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की बघू, जागा असेल तर घेऊ.” रजेचं विचारलं तर उत्तर मिळालं की तुम्ही कायम नाही, दुसऱ्या वेळेला बाराच आठवडे मिळतात, आणि रजा घ्यायचीच तर बदली शिक्षिकेचा पगार तुम्ही भरा. घरचे म्हणतात, वाद नको. काय करू? – एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी मनापासून अभिनंदन. आणि लगेच एक विनंती, जी बाकी सगळं विसरलात तरी लक्षात ठेवा : राजीनाम्यावर सही करू नका. संस्थेने तुम्हाला काढलं, आदेश दिला नाही, पगार अडवला, तरी या सगळ्याला कायद्यात उत्तर आहे. तुम्ही स्वतः लिहून दिलेल्या राजीनाम्याला मात्र उत्तर शोधताना माझ्यासारखीची दमछाक होते. “माझ्यावर दबाव होता” हे सिद्ध करण्याचं ओझं मग तुमच्यावर येतं, आणि स्टाफरूममधली एकही मैत्रीण साक्षीला येत नाही.

म्हणून तर खाजगी शाळांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यात राजीनाम्यासाठी खास कलम ठेवलं आहे. कलम ७ म्हणतं की राजीनामा दोन प्रतींत असावा, दोन्हींवर सही आणि तारीख असावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला जावी आणि दुसरी कर्मचाऱ्याकडे राहावी. हा खटाटोप कशासाठी? कार्यालयात बोलावून, टाइप केलेला कागद पुढे सरकवून “इथे सही करा हो मॅडम” म्हणण्याची पद्धत मोडावी म्हणून. तारखेची जागा कोरी ठेवलेला कागद तर हातातही धरू नका. आणि यापूर्वी भिडेपोटी तसं काही लिहून दिलं असेल, तर आजच्या आज “मी तो राजीनामा मागे घेत आहे” असं पत्र द्या. राजीनामा मंजूर होण्याआधी ते संस्थेच्या हाती पडायला हवं.

आता “तुम्ही कायम नाही” याबद्दल. प्रसूती लाभासाठी कायम असण्याची अटच नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं, एवढंच कायदा विचारतो. तुमची तारीख २० ऑगस्ट, म्हणजे मोजायचं गेल्या २० ऑगस्टपासून. तिथून ३० एप्रिलपर्यंत दिवाळीची सुट्टी वजा करूनही तुमचे ८० दिवस केव्हाच भरतात. म्हणजे संस्थेने जूनमध्ये आदेश दिला नाही तरी तुमची पात्रता आत्ताच तयार आहे. बहुतेक संस्थाचालकांना हे गणित माहीत नसतं. तुम्ही गणिताच्या बाई, तुम्हाला ते फळ्यावर मांडून दाखवता येईल.

मुदतीच्या नोकरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात निकाल दिला. त्या दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयात करारावर होत्या आणि गरोदरपणातच त्यांच्या कराराची मुदत संपली. न्यायालयाने सांगितलं की पात्रता एकदा पूर्ण झाली की करार संपला म्हणून लाभ संपत नाही, तो पूर्ण द्यावा लागतो. त्याच्याही आधी, २००० मध्ये, दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क मिळाला होता. रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाईला जे मिळतं ते दहावीला भूमिती शिकवणाऱ्या बाईला मिळू नये, हे संस्थेने कुठल्या तोंडाने म्हणायचं?

एक बदल मात्र ध्यानात घ्या. आपण सगळे ज्याला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा म्हणत आलो, तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. दिवस, आठवडे, अटी जवळपास त्याच आहेत. कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून अर्जात जुना क्रमांक टाकून संस्थेच्या वकिलाला फुकटचा मुद्दा देऊ नका. क्रमांक न लिहिता संहितेचं नाव लिहिलंत तरी चालेल.

“दुसऱ्या वेळेला बारा आठवडे” हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकलाय की तो आता शिक्षकांच्या कार्यशाळेतच शिकवतात की काय असं वाटतं. बारा आठवडे लागू होतात ते दोन किंवा अधिक मुलं आधीच हयात असताना, म्हणजे साधारणपणे तिसऱ्या वेळेला. तुम्हाला एक मुलगी आहे. तुम्हाला पूर्ण २६ आठवडे मिळतात, आणि त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात.

तुमच्या तारखांवर ते बसवून बघू. २० ऑगस्टच्या आठ आठवडे आधी म्हणजे २५ जून. त्या दिवसापासून रजा घेतलीत तर १८२ दिवस २३ डिसेंबरला संपतात आणि २४ तारखेला तुम्ही हजर. प्रकृती चांगली असेल आणि जुलैभर शिकवून १ ऑगस्टपासून रजा घेतलीत, तर ती २९ जानेवारीपर्यंत जाते. बाळाजवळ जास्त दिवस राहता येतं, पण दहावीच्या सराव परीक्षांच्या ऐन धामधुमीत तुम्ही परतता. हा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, मुख्याध्यापिकांचा नाही. दिवाळीची सुट्टी दोन्ही हिशोबांत रजेच्या पोटात जाते, ती वेगळी वाढवून मिळत नाही. पण रविवार आहेत म्हणून त्यांचे पैसेही कापता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने बी. शहा खटल्यात १९७७ मध्येच ठरवून टाकलंय की आठवडा म्हणजे सातही दिवस. तो खटला कोइमतूरकडच्या मळ्यात काम करणाऱ्या एका बाईचा होता.

पैशांचं म्हणाल तर रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी धरतात. त्यामुळे बिनपगारी मे महिना तुमची सरासरी खाली ओढत नाही. ढोबळमानाने सहा महिन्यांचा पगार, म्हणजे ९९ हजारांच्या घरातली रक्कम होते. प्रसूतीआधीच्या दिवसांची रक्कम गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ द्यायची आणि उरलेली बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत, असं कायदा सांगतो. संस्थेने मोफत वैद्यकीय सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. बदली शिक्षिकेचा पगार तुमच्याकडून घेण्याला कुठलाच आधार नाही, त्यावर मी आणखी शाई खर्च करत नाही.

हो, पगाराची पावती काढून बघा. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत असेल (२१,००० पर्यंतच्या पगाराला ती योजना लागू होते), तर ही रक्कम संस्थेकडे न मागता कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे मागायची. तिथे कागद पूर्ण असतील तर पैसे मिळतात. मुख्याध्यापिकांचा चेहरा पाहावा लागत नाही, हा वरचा फायदा.

आता संस्थेचा वकील कुठे बोट ठेवेल ते सांगते. तो म्हणेल, शाळा म्हणजे दुकान नाही की कारखाना नाही, प्रसूती लाभ दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला असतो, तो नियम आम्हाला लागूच नाही. पुरवणी म्हणून १९८८ चा सुंदरंबाळ निकाल काढेल. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्याखालचे ‘कामगार’ नाहीत असं म्हटलं होतं. घाबरू नका. प्रसूती लाभाची तरतूद ‘कामगार’ या शब्दावर उभी नाही, नोकरीत असलेल्या स्त्रीवर उभी आहे. ग्रॅच्युइटीच्या वेळीही असाच शब्दांचा खेळ झाला होता : २००४ मध्ये शिक्षक त्या कायद्याबाहेर ठरले, मग संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून १९९७ पासून त्यांना आत घेतलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. शिवाय आपल्या हाती दुसरी दोरी आहेच. १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त खाजगी शाळेला अनुदान असो वा नसो लागू होतो, आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीत रजांच्या नियमात प्रसूती रजा आहे. म्हणून अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

अर्ज लांबलचक नको. साधारण असा : “मी आपल्या शाळेत अमुक तारखेपासून सहशिक्षिका म्हणून कार्यरत आहे. माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख २० ऑगस्ट आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आणि महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी नियमावली, १९८१ यांनुसार मला अमुक तारखेपासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा व त्याचा लाभ मंजूर करावा. या काळात मी इतर कोठेही काम करणार नाही. लाभ माझ्या बँक खात्यात जमा करावा.” शेवटी एक ओळ जोडा : “मी राजीनामा दिलेला नाही व देण्याचा माझा विचार नाही.” दुसरी प्रत घेऊन कार्यालयात जा, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. लिपिक “मॅडमना विचारून देतो” म्हणाला की वाद न घालता बाहेर पडा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. हे ३० एप्रिलच्या आत झालं पाहिजे. आदेश चालू असताना दिलेल्या अर्जाचं वजन वेगळंच असतं.

सोबत आणखी एक छोटा अर्ज द्या, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. प्रसूतीच्या सहा आठवडे आधीचा काळ तुमच्या बाबतीत ९ जुलैला सुरू होतो. त्याच्याही आधीचा एक महिना, म्हणजे ९ जूनपासून, तुम्ही मागणी केलीत तर तुम्हाला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. शिक्षकी पेशात उभं राहणं म्हणजे काय ते आपल्या पायांना विचारावं. वर्गात खुर्ची, तळमजल्यावरचे तास आणि मैदानावरच्या परिपाठातून सूट, एवढं लेखी मागा. परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळण्याचा हक्क आहे, तो वेळापत्रकात मोकळ्या तासांच्या रूपाने बसवून घेता येतो.

जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हा. मस्टरवर सही करू दिली नाही, तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा की मी आले होते, मला कामावर घेतलं नाही. ती तारीख फार मोलाची आहे : शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस मिळतात आणि प्रसूती कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागायला ६० दिवस. लाभाच्या रकमेची तक्रार कामगार आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात करा, प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मुख्याध्यापिकांचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप पुसू नका आणि फोन बदलू नका. २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडून ते पुराव्यात देता येतात.

तीन वर्षांच्या तुटक आदेशांवरून तुम्ही कायम ठरता का, हा वेगळा लढा आहे. जाहिरात निघाली होती का, पद रिक्त आणि मंजूर होतं का, यावर तो अवलंबून राहील. तो आत्ता रजेच्या अर्जात कालवू नका, दोन्ही बिघडतील.

घरच्यांच्या “वाद नको” मध्ये तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कायदा पैसे मिळवून देईल, आदेश मिळवून देईल, पण स्टाफरूममधलं वातावरण सुधारून देणार नाही. तालुक्याच्या गावात संस्थाचालक एकमेकांना ओळखतात, हेही खरं. तरीही यजमानांना एवढं विचारा की राजीनामा देऊन नोकरी टिकणार आहे का? “जागा असेल तर” हे शब्द मुख्याध्यापिकांचेच आहेत. वाद टाळून हाती काय उरतं ते मला तरी दिसत नाही. आणि रजेचा अर्ज देणं म्हणजे वाद नव्हेच.

याच निमित्ताने जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही सांगते, कारण त्यांचीही पत्रं येतात : त्यांना राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे १८० दिवस मिळतात आणि तिथे दोन हयात अपत्यांची अट आहे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. उमादेवी या तामिळनाडूतल्या सरकारी शाळेच्या शिक्षिकेला न्याय दिला. पहिल्या लग्नाची दोन मुलं वडिलांकडे होती, दुसऱ्या लग्नानंतरच्या बाळासाठी रजा नाकारली गेली होती. प्रसूती रजा हा स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अशी परिस्थिती असणाऱ्यांनी नकार तोंडी न घेता लेखी मागून घ्यावा.

ताई, तुमच्याकडचे तिन्ही वर्षांचे नियुक्ती आदेश, बँकेचं पासबुक आणि सोनोग्राफीचा अहवाल यांच्या झेरॉक्स काढून एक संच माहेरी ठेवा. आणि तुमचे यंदाचे हजेरीचे दिवस एप्रिल संपण्याआधीच मस्टरवरून उतरवून घ्या. मस्टर मेमध्ये कपाटात जातं, आणि कपाटाची किल्ली तुमच्याकडे नसते.