ब्रेकचा आतला पॅड संपला, बाहेरचा अर्धा शिल्लक, असं का होतं?

प्रश्न: नमस्कार दादा. आमची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, बरीच जुनी, आणि रत्नागिरी-कोल्हापूर सारखं आंबा घाटातून जाणं-येणं असतं. पुढच्या डाव्या चाकातून कर्र कर्र आवाज यायला लागला म्हणून चाक काढून बघितलं तर आतला पॅड पत्र्याला टेकायला आलाय आणि बाहेरचा अजून अर्धा आहे. उजवीकडे मात्र दोन्ही सारखेच झिजलेत. गॅरेजवाला म्हणतो पॅड, डिस्क सगळंच टाका. मी ऑइल, फिल्टर घरीच बदलतो. पुढचे ब्रेक घरी केले तर चालतील का? आणि नुसते डावीकडचेच पॅड टाकले तर? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नुसते डावीकडचे नाही टाकायचे. एका चाकाला नवे आणि दुसऱ्याला झिजलेले असले की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते, आणि बॉक्समध्ये तसेही दोन्ही चाकांचे मिळून चार पॅड येतात, त्यामुळे पैसे वाचण्यासारखं त्यात काही नाही. घरी करायचं म्हणाल तर जो माणूस ऑइल फिल्टर नीट बदलतो त्याला पुढचे डिस्क पॅड जमतात, कारण ब्रेक ऑइलची लाइन यात कुठेच उघडायची नसते. पण तुमच्या गाडीचं दुखणं पॅड नाहीये, पिना आहेत, आणि त्या तशाच ठेवून नवे पॅड टाकले तर तेही असेच जातील.

होतं काय, तर या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरून पॅड दाबणारा भाग) पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत आत येतो, येताना बाहेरचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो. पिना गंजून जाम झाल्या की कॅलिपर सरकतच नाही, मग बाहेरचा पॅड पाहुण्यासारखा बसून राहतो आणि सगळं काम आतल्याच्या गळ्यात पडतं. किनाऱ्यावरची खारी हवा, वर पाऊस, आणि पिनेवरचं रबरी बूट एकदा फाटलं की आत पाणी गेलंच समजा. दुसरी शक्यता म्हणजे पिस्टनच अडकतोय आणि ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही, ते काम करतानाच कळेल.

जागा सपाट आणि पक्की पाहिजे, सिमेंटची असेल तर उत्तम. अंगणातल्या लाल मातीत जॅक लावू नका, पावसाळ्यात तर अजिबातच नाही. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा, आणि चाकाचे नट गाडी उचलायच्या आधीच थोडे सैल करून घ्या. गाडीसोबत आलेला जॅक पंक्चरपुरता असतो, त्याच्यावर उभ्या गाडीखाली हात घालून काम करायचं नसतं, त्यामुळे जॅक स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचा पक्का टेकू) विकत घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. तेवढं होत नसेल तर हे काम घरी करू नका, यात माझ्याकडून सूट नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे काही अडलं तर दुसरी बाजू उघडून बघायला शिल्लक राहते. पॅडची पत्र्याची क्लिप कुठे होती, पॅड संपत आला की आवाज करणारी छोटी पट्टी कोणत्या पॅडला आणि कुठल्या टोकाला होती, त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कॅलिपर बाहेर येईल अशा बेताने स्टिअरिंग वळवून ठेवलं की हात बरा जातो. खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर फिरून उघडतो, पण तुम्हाला दोन्ही पिना काढायच्याच आहेत तर तो पूर्णच उतरवा आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. ब्रेकच्या रबरी होसवर लटकत सोडू नका, होस आतून तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता पिना. वरची आणि खालची पीन दिसायला सारखी वाटते पण पुष्कळ गाड्यांत एकीच्या टोकाला रबर असतं किंवा एक बाजू सपाट असते, तेव्हा अदलाबदल होऊ देऊ नका. जुनं ग्रीस पुसा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, खड्डे पडले असतील तर सरळ नवी पीन टाका, बूट फाटलं असेल तर तेही, पिना-बुटांचं किट वेगळं मिळतं. पीन बसणारं भोक पण आतून साफ झालं पाहिजे. आणि ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉनचं लावायचं. बेअरिंगला लावतो ते पेट्रोलियमचं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि पीन परत अडकते, म्हणजे केलेलं सगळं वाया. पीन बोटाने ढकलल्यावर गेली पाहिजे आणि बोटाने ओढल्यावर आली पाहिजे.

तसंच पॅडचे कान जिथे बसतात त्या ब्रॅकेटवरची पत्र्याची क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे गंज फुगला की पॅड दाटून बसतो, मग लोक हातोडीने ठोकून बसवतात आणि दुसऱ्या दिवसापासून चाक गरम व्हायला लागतं. धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. डिझेलने, रॉकेलने धुवायची सवय असते काहींना, ती इंजिनसाठी ठेवा.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डब्यात नजर टाका. पॅड झिजत जातात तसं डब्यातलं ऑइल खाली जातं कारण ते पिस्टनच्या मागे जाऊन बसतं, आणि नेमकं हे न कळल्यामुळे कुणीतरी मध्येच ऑइल टॉप-अप करून ठेवलेलं असतं. मग पिस्टन मागे गेला की ते डब्यातून वर येतं आणि सांडतं, रंग उतरवतं. भरलेलं दिसलं तर सिरिंजने थोडं काढा, सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. पिस्टनवर जुना पॅड आडवा धरून सी क्लॅम्पने (स्क्रू फिरवून आवळायचा C आकाराचा शिकंजा) हळूहळू दाबा. सारखा आणि गुळगुळीत मागे गेला तर पिस्टन ठीक आहे. अडखळत गेला, तिरका गेला किंवा रबराखालून ओलं दिसलं तर थांबा, कॅलिपर उघडायचं काम आहे ते, घरचं नव्हे. आणि कॅलिपर उघडा असताना गाडीत कुणी बसून ब्रेक दाबणार नाही हे बघा, घरात पोरं असतात म्हणून सांगतो, पिस्टन बाहेर निसटला तर संध्याकाळ गेली.

डिस्कचं काय? गॅरेजवाला म्हणतो म्हणून टाकू नका आणि तो म्हणतो म्हणून नाकारूही नका, मोजा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, गंज पुसलात तर दिसते. नवी डिस्क आणि ही किमान जाडी यात फरक साधारण २ मिलिमीटरच्या आसपासच असतो, म्हणजे डोळ्यांनी नाही कळणार. शिवाय कडेला न झिजलेली धार उभी राहिलेली असते, साधं व्हर्निअर तिच्यावर टेकतं आणि डिस्क जाड दाखवतं. त्यावर उपाय म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मापायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. किमानच्या वर असेल, तडे नसतील, आतल्या बाजूला खोल चर पडलेले नसतील आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल तर डिस्क राहू दे. पत्रा घासून चर पडले असतील तर मात्र दोन्ही बाजूंच्या डिस्क बदला. डिस्कची आतली बाजू बघायला विसरू नका, तुमच्याकडे तीच संशयाची आहे.

सगळं जोडून झालं, बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला (किती जोराने आवळायचं त्याचं माप) आवळले, की गाडी चालू करण्याआधी ब्रेक पेडल पंप करा. पहिल्यांदा ते खाली जमिनीपर्यंत जाईल, घाबरू नका, पिस्टन मागे गेलेला आहे तो पॅडला येऊन टेकेपर्यंत असंच होणार. पेडल कडक होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. हे विसरून गाडी रिव्हर्स घेणारे कंपाउंडच्या भिंतीला जाऊन भेटतात. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडवरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारत आणा, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडी गाडी पळू द्या म्हणजे थंड होतं, आणि गरम असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. पहिले दोनेकशे किलोमीटर आंबा घाट नको. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा आवळून बघा.

प्रश्न: दादा, पसरणी घाट उतरताना निम्म्यात ब्रेक पेडल एकदम मऊ होऊन खाली गेलं, गाडी कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने परत नॉर्मल. पॅड दोन महिन्यांपूर्वीच नवीन टाकलेत. पॅड डुप्लिकेट निघाले का? (एक वाचक, वाई)

उत्तर: पॅडवर शंका घ्यायच्या आधी ब्रेक ऑइल बघा. पॅड तापून हार मानतात तेव्हा पेडल कडकच असतं पण गाडी थांबत नाही. पेडलच खाली गेलं आणि थंड झाल्यावर परत आलं तर बहुतेक वेळा आतलं ऑइल उकळलेलं असतं, त्याची वाफ होते, आणि वाफ दबते, ऑइल दबत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती; डॉट ४ चं नवीन ऑइल किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की तीच हमी १५५ वर येते, डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. घाटभर पाय ब्रेकवर असेल तर एवढं तापमान गाठायला फार वेळ नाही लागत.

दोन वर्षांतून एकदा ऑइल बदला, आणि पॅड नवीन टाकले म्हणजे ऑइलही नवीन झालं असं होत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. याच्यात ब्रेकची हवा काढावी लागते, एबीएस असलेल्या गाडीत चुकलं तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लागू शकतो, म्हणून हे काम गॅरेजला द्या. डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच ऑइल घाला, आणि डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळंच ऑइल येतं ते यात मिसळायचं नाही (डॉट ५.१ हा निराळा प्रकार). आणि घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, चढायला जो गिअर लागतो साधारण तोच उतरायला. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे, इंजिन बंद करणारे अजून भेटतात, इंजिन बंद केलं की ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

परत घाटात जायच्या आधी ऑइल बदलून घ्या. पेडल थंड असतानाही हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) तपासायला लावा, तो निराळा आजार आहे.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे लेबर इतकं महाग की पुढचे पॅड आणि डिस्क घरीच बदलायला घेतले. कॅलिपर, ब्रॅकेट निघालं पण डिस्क हबवरून निघतच नाही, हातोडी मारून थकलो. (एक वाचक, एडिसन)

उत्तर: हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिकडे, त्यामुळे डिस्क हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) गंजून धरते. आधी डिस्कवर छोटे स्क्रू आहेत का बघा, काही जपानी गाड्यांत दोन असतात, ते काढल्याशिवाय डिस्क निघणार नाही आणि त्यांचं डोकं साध्या स्क्रू ड्रायव्हरने गोल होतं, हाताने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीचा घाव घातला की स्क्रू फिरवणारा) घ्या. मग डिस्कवर दोन आटे पाडलेली भोकं दिसतील, बऱ्याचदा ८ एमएमच्या बोल्टची असतात. त्यात बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे आवळत न्या, डिस्क हबवरून आपोआप उचलली जाते. भोकं नसतील तर हबच्या कडेने गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर सोडा. जुनी डिस्क फेकायचीच असेल तर हातोडी मारा, पण ठेवायची असेल तर नको, आणि हबच्या बेअरिंगवर घाव बसणार नाही असं बघा.

नवी डिस्क लावण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित वाकडी बसते आणि काही हजार मैलांनी ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, मग लोक डिस्क कंपनीला शिव्या देतात. नव्या डिस्कला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी पॅड तेल पितील.

प्रश्न: माझ्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे. पॅड बदलायला स्कॅनर लागतोच म्हणे, खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ताई, मागच्या चाकांसाठी बहुतेक वेळा खरं आहे. बटणाच्या हँडब्रेकची मोटर साधारणपणे मागच्या कॅलिपरवर असते, तिला सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय पिस्टन ढकलला तर आतलं गिअर तुटू शकतं. काही गाड्यांत हा मोड बटण आणि पेडलच्या ठरावीक क्रमाने लागतो, मॅन्युअल बघा. पुढच्या चाकांना यातलं काहीच लागत नाही, वर रत्नागिरीच्या वाचकांना सांगितलं तसंच करायचं, फक्त पॅडला सेन्सरची वायर आहे का ते आधी बघा आणि असेल तर नवा सेन्सर पॅडबरोबरच मागवा, जुना घासला गेला असेल तर परत वापरता येत नाही.